काठोकाठ भरलेले दोन कप

चार बडोदेकर एका खोलीत कोंडले की किस्से आपोआप साठतात. आमची तर वर्गभर फौज होती, आणि वर कॉम्प्युटर!

नव्वदीची वर्षं, सगळ्या गावाला शेअरचं वेड. सयाजीगंजातल्या आमच्या मॅनेजमेंट कॉलेजच्या सरांनी दर शनिवारी कॉम्प्युटरवर खोटा बाजार भरवायला सुरुवात केली. काहींना कंपनीच्या आतल्या बातम्या मिळत. आम्हा बाकीच्यांना नुसता हुकूम : घंटा व्हायच्या आत इतके शेअर घ्या, नाहीतर इतके विका. काही राहिलं तर दंड! स्क्रीनवर नाव कुणाचंच नाही.

*

पहिल्याच शनिवारी विलास शिर्केला खरेदी आली. पणजोबा संस्थानच्या घोडदळात! गड्याने एका दमात सगळे शेअर मागितले. भाव असा भडकला की सर खुर्चीतून उठले.

"शिर्के, हे काय?"

"हल्ला, सर!"

*

हेतल शाहने त्याला झापलं, "मंगळ बाजारमां आवी रीते साडी लेवाय?" तिची रीत बाजारात साडी घेतात तशी. थोडे मागायचे, पाडून मागायचे आणि नजर दुसरीकडे ठेवायची. पुढच्या शनिवारी तिने नजर इतका वेळ दुसरीकडे ठेवली की घंटाच झाली!

दंड बसल्यावर म्हणते, "दुकान आटली जल्दी बंद थाय?"

*

नावं गुप्त, पण शिर्के लपणार कसा? एंटर असा हाणायचा की खोलीभर कळायचं, आणि विकणारे लगेच भाव चढवायचे. मग त्याने बटणावर रुमालाची घडी ठेवली. आता जिथून आवाज येत नाही तिथे शिर्के, हे सगळ्यांना पाठ झालं!

*

काम संपलेला माणूस कॅन्टीनमधून चहा मागवायचा. एकदा मी एकही शेअर न घेता ओरडलो, "मगनभाई, एक कडक!" सगळ्यांना वाटलं, मोठं गिऱ्हाईक गेलं. भाव धाडकन खाली, आणि मी आरामात घेतले! काय आनंद झाला म्हणून सांगू!

पुढच्या शनिवारी सुरू होताच सगळ्या वर्गाने चहा मागवला.

*

शेवटचा शनिवार. त्या दिवशी नफ्यात पहिल्या येणाऱ्याला मुंबईच्या ब्रोकरकडे नोकरी! शिर्केच्या वडिलांनी तर त्याचं नंदेसरीच्या केमिकल फॅक्टरीत ठरवूनच टाकलं होतं. "पहिला आलास तर मुंबई. नाहीतर सोमवारपासून सीधा नंदेसरी!" असं बजावून शिर्केकाका स्वतः बघायला आले आणि आमच्या मागे बसले.

सर म्हणाले, "काका, बघा, पण बोलायचं नाही."

शिर्के आणि मी शेजारी, दोघांच्या हातात चहा.

"झालं तुझं?" मी विचारलं.

"केव्हाच! तुझं?"

"मगाशीच."

कसलं मगाशीच! माझे दहा हजार विकायचे होते. घड्याळ पळत होतं आणि घ्यायला कोणी पुढे येईना.

काकांना मागून दोन्ही स्क्रीनवरचे हुकूम दिसत होते. ते एकदम उठले, आमच्या हातातले कप काढून घेतले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही काठोकाठ भरलेले, वर साय धरलेली. मी त्याच्या कपाकडे पाहिलं, त्याने माझ्या. काम खरंच संपलेला माणूस चहा असा ठेवेल?

रुमाल उडाला, एंटर दणाणला! स्क्रीनवर दहा हजारांची खरेदी उमटली. भाव कमीच होता, पण दंडापेक्षा बरा. मी सगळे देऊन टाकले. घंटा झाली. शिर्के पहिला!

सर धावत आले. "काका, बोलायचं नाही असं ठरलं होतं ना?"

"मी कुठं बोललो?" काकांनी एक कप त्यांच्यापुढे धरला. "बघा ना साहेब, पोरांचा चहा थंडागार झालाय!"