जपानी इंजिनिअरचा जबाब

बोईसरला पोलीस ठाण्याचा प्रभारी असताना मी एका जपानी माणसाचा जबाब नोंदवला होता. निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण तो जबाब मात्र वाक्यन् वाक्य आठवतो.

औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, रसायन ढवळण्याच्या टाकीत सफाईला उतरलेला कंत्राटी कामगार मरण पावला. शिडीवरून पडला, असं कारखान्यानं कळवलं. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला. दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. आपण जवळच्या सरावली गावात राहतो आणि त्याच पाळीत होतो, इतकंच त्या माणसानं सांगितलं, नाव नाही. "साहब, वो गिरा नहीं. अंदर था, तब मशीन चालू किया," म्हणाला आणि फोन ठेवला.

शवविच्छेदनाचा अहवालही तेच सांगत होता. जखमा पात्यांच्या होत्या. व्यवस्थापकाला जाब विचारला, तेव्हा त्याचा सूर बदलला. मशीन बसवायला आलेल्या जपानी इंजिनिअरनं ते चालू करायला सांगितलं, चूक त्याचीच, असं तो म्हणाला आणि इंजिनिअरला दुभाष्यासह स्वतःच ठाण्यात घेऊन आला. गुन्हेगार असा आयता चालत आला की मी आधी सावध होतो. मी व्यवस्थापकाला बाहेर बसवलं आणि कॅमेरा लावून चौकशी सुरू केली.

इंजिनिअर पन्नाशीचा, सडपातळ. विचारलं की खाली बघून हळू बोलायचा. दुभाष्या भराभर मराठी करायचा, "मशीन चालू करा असं मी सांगितलं, असं ते कबूल करतात." जबाब टाइप करायला आमची एक महिला शिपाई बसली होती. ती टाइप करायची थांबली.

"साहेब, जरा बाहेर येता?"

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "त्यांनी तसं म्हटलं नाही. चालू करा असं मी सांगितलेलं नाही, असं म्हणाले ते. यानं 'नाही' गाळलं."

ही मुलगी मुरब्याची, मासेमारी करणाऱ्या घरातली. जपानमध्ये वृद्धांची देखभाल करायची नोकरी मिळते असं ऐकून ती जपानी शिकली होती, परीक्षाही दिली होती. मग पोलीस भरतीत निवड झाली आणि परदेश राहून गेला. भाषा तिनं सोडली नव्हती. एवढ्या दिवसांत मला याचा पत्ताही नव्हता.

खात्री आहे का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "त्यांच्यात 'नाही' शेवटाला येतं, साहेब, आपल्यासारखंच. शेवटी 'मासेन' ऐकलं म्हणजे नकार. आमी मुरब्याची मानसं, मासे कानातून सुटतील काय?"

मी दुभाष्याला वेगळ्या खोलीत बसवलं आणि तिला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. तिनं अडखळत एक वाक्य विचारलं. इंजिनिअरनं मान वर केली. ठाण्यात आल्यापासून तो प्रथमच कोणाच्या तरी डोळ्यांत बघत होता. मग तो बोलतच राहिला. ती मध्येच थांबवायची, पुन्हा विचारायची. कळलं नाही तर कळलं नाही म्हणायची. मी आयुष्यभर माणसांना बोलतं केलं आहे, कधी गोडीनं, कधी दरडावून. बंद झालेला माणूस असा एका वाक्यानं उघडताना मी पाहिला नव्हता.

सफाई चालू असेपर्यंत कोणी हात लावू नये म्हणून त्यानं स्विचला स्वतःचं लाल कुलूप घातलं होतं. किल्ली त्यानं खिशातून काढून टेबलावर ठेवली. आम्ही तडक कारखाना गाठला. कापलेलं लाल कुलूप भंगारात सापडलं आणि ती किल्ली त्यात फिरली. माल वेळेत पाठवायचा होता, म्हणून व्यवस्थापकानंच कुलूप तोडायला लावलं होतं. नोकरी जाईल या धाकानं दुभाष्यानं जबाब फिरवला होता. तेही त्यानं पुढे कबूल केलं. पालघरच्या वरिष्ठांमार्फत मी दुसरा, तटस्थ दुभाष्या मागवला आणि चित्रीकरण त्याला ऐकवलं. आमच्या मुलीचं म्हणणं खरं ठरलं. व्यवस्थापकाला अटक झाली, दोषारोपपत्र गेलं.

त्या दिवशी ठाण्यात नवा जबाब सही होऊन संपला तरी इंजिनिअर उठला नव्हता. त्यानं तिला काहीतरी विचारलं. ती गोंधळून माझ्याकडे वळली. "साहेब, विचारतायत, त्या कामगाराला जपानी येत होतं का?"

मग त्यानं तिच्यामार्फत सांगितलं. टाकीतून बाहेर काढला तेव्हा कामगार जिवंत होता. इंजिनिअरनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ऐकू येतंय का, म्हणून जपानीत हाका मारल्या होत्या. त्यावर कामगार काहीतरी बोलला आणि शेवटी 'हाय' म्हणाला. जपानीत 'हाय' म्हणजे 'हो'. आधीचे शब्द इंजिनिअरला कळले नव्हते, पण त्यानं ते नुसते आवाज म्हणून मनात धरून ठेवले होते. आता त्यानं ते सावकाश म्हणून दाखवले. "गारा… जावाचा… हाय."

तिनं ते शब्द एकदा स्वतःशी म्हणून पाहिले. मग आधी मला म्हणाली, "घरा जावाचा हाय, साहेब." आणि तेच तिनं त्याला त्याच्या भाषेत सांगितलं. त्या माणसानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मायदेशी परतण्याआधी त्यानं मृताच्या बायकोला भेटायची परवानगी मागितली. आम्ही तिघं डोंगराकडच्या त्या पाड्यावर गेलो. ती बाई दारात उभी होती. त्यानं वाकून नमस्कार केला आणि तिच्या नवऱ्याचे शब्द, जसेच्या तसे, तिच्यासमोर म्हटले. आमच्या मुलीनं बाकीचं सांगितलं, डोकं मांडीवर घेतल्याचं, हाका मारल्याचं. बाईनं त्या परक्या माणसाकडे पाहिलं.

"मंग तो एकला नव्हता," ती म्हणाली.

मुलीनं ते जपानीत सांगितलं.

परदेशी भाषा म्हणजे व्हिसा, नोकरी, पगार, असं मी तोवर समजत होतो. तेही खरंच आहे. ती मुलगी त्यासाठीच शिकली होती. पण तिच्या शिकण्यामुळे एक निरपराध माणूस तुरुंगापासून वाचला आणि मेलेल्या माणसाचं बोलणं त्याच्या घरी पोचलं. परतताना गाडीत ती दोघं हळू आवाजात बोलत होती. मला त्यातलं एक अक्षरही कळत नव्हतं. तरी मी ड्रायव्हरला रेडिओ बंद करायला सांगितलं आणि ठाणं येईपर्यंत ऐकत बसलो.