जिन्यावरचं फाटक

"जे उभं करायचं, ते मोडताना हात दुखता कामा नये," असं सेटवाले एकदा म्हणाले होते.

नाटकांचे सेट उभारण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पडदा पडला की राजवाडा काय, पोलीसचौकी काय, टेम्पोत घालायची आणि दुसऱ्या गावात पुन्हा उभी करायची. त्यांच्या भिंती कापडाच्या, एकमेकींना बिजागऱ्यांनी जोडलेल्या. बिजागरीतली पिन ओढली की भिंत सुटी. घरातही तोच खाक्या. लग्नाचा फोटोसुद्धा कपाटावर नुसता टेकवलेला. "या घरात ठोकलेला एकच खिळा, तो म्हणजे मी," त्यांची बायको म्हणायची.

मग नात रांगायला लागली. हाती लागेल ते तोंडात घालून तपासायची, म्हणून तिचं नाव पडलं इन्स्पेक्टर. तिच्या आईची रजा संपत आली होती. सोमवारपासून इन्स्पेक्टर आजीआजोबांकडे राहणार, नाहीतर पाळणाघरात.

"बाबा, तुमचा जिना खोलीच्या दारातूनच खाली कोसळतो," मुलीने बजावलं. "रविवारी येऊन बघेन. पटलं तर तुमच्याकडे, नाहीतर राग मानू नका."

सेटवाल्यांच्या अंगात वारं शिरलं. पहिल्या प्रयोगाच्या आधी शिरायचं तसं, पण त्याहून जास्त. ते पोटावर पडून घरभर सरपटू लागले.

"अहो, काय हरवलंय?"

"गप गं. इथून घर निराळंच दिसतं."

खरंच दिसत होतं. खुर्च्यांचे पाय म्हणजे निष्पर्ण झाडं. खालच्या प्लगची भोकं टक लावून बसलेली. टेबलाचा प्रत्येक कोपरा नेमका कपाळाच्या उंचीवर. ते उठले ते शीळ घालतच. भोकांवर झाकणं बसली, कोपऱ्यांवर रबर आलं, फिनेल आणि औषधं माळ्यावर गेली.

"म्हणजे गुडघ्याची गोळी घ्यायला मी दुखऱ्या गुडघ्याने शिडी चढायची?"

"शिडी मी धरतो की."

"धन्य झाले."

पण त्यांचा जीव होता तो जिन्याच्या तोंडाशी बसणाऱ्या फाटकात. इन्स्पेक्टरची टोपी मागवून, तिच्या मापाने पट्ट्यांमधलं अंतर ठरवलं. लाकूड इतकं घासलं की त्यावर गाल ठेवून बघितला. दोन भिंतींच्या मध्ये पाचर मारून चौकट घट्ट केली आणि तिच्यात फाटक टांगलं. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. दुधवाल्याला उघडझाप करायला लावली.

रविवारी मुलगी आली. तिने प्लग पाहिले, कोपरे चाचपले, माळ्याकडे मान वर केली. चेहरा सैल होत गेला. सेटवाले तिच्या मागे मागे, निकालाच्या दिवशी पोरं फिरतात तसे. इन्स्पेक्टर मात्र सरळ फाटकाकडे रांगत गेली. खालच्या बिजागरीपाशी थांबली. काहीतरी चकाकत होतं. तिने ते चिमटीत धरलं आणि ओढलं.

पिन अलगद बाहेर आली. तेल दिलेलं होतं ना. इन्स्पेक्टरने ती तोंडात घातली. फाटक खालून सुटलं, वरच्या बिजागरीवर लोंबत बाहेर झुललं. त्याच्याखाली जिना दिसू लागला.

मुलीने झेप घेऊन पोर उचलली, तोंडात बोट घालून पिन काढली. पोर तेवढी हसत होती.

"बाबा," मुलगी म्हणाली, आवाज अजिबात न चढवता, "लहानपणी मी तुमच्या राजवाड्याच्या भिंतीला टेकले आणि आरपार गेले होते. हनुवटीवर व्रण आहे अजून. हिला पाळणाघरातच घालते."

सेटवाल्यांनी पिन हातात घेतली. हात सवयीने वागला होता, त्यांना न विचारता. मग एकदम ते म्हणाले, "जेवून तर जाशील? तेवढा वेळ दे."

"ड्रिल आहे का आपल्याकडे?" बायकोने विचारलं.

"खालच्या दुकानदाराकडे आहे. आण पळत."

"पळत, म्हणे. गुडघे बघा माझे." पण ती गेली, आणि लगबगीनेच गेली.

भिंतीला पहिलं भोक पडलं तेव्हा सगळं घर थरारलं. पांढरी धूळ सेटवाल्यांच्या भुवयांवर बसली. पोर आजीकडे देऊन मुलीने चौकट धरली. "तिरकी जातेय बाबा, डावीकडे घ्या." "तू धर नीट, अक्कल नंतर शिकव." भोकांत लाकडी गिट्ट्या ठोकल्या, लांब स्क्रू आवळले, पिनांची टोकं हातोडीने ठेचून बिजागरीतच बुजवली. प्रत्येक घावागणिक सेटवाल्यांचा चेहरा उजळत होता. असा आवाज त्यांच्या कामात कधी आलाच नव्हता.

मुलगी फाटकावर सगळं वजन टाकून लोंबकळली. मग कुल्ह्याने धडक दिली. मग लाथ मारली.

"पुरे," आजी म्हणाली. "दुकानदार वर येईल."

धूळ पुसली आणि इन्स्पेक्टरला खाली सोडलं. तिघंही जागच्या जागी खिळली. तिने बिजागरी चाचपली, ओढली, चाटून पाहिली. नाद सोडला. मग दोन पट्ट्या मुठीत धरल्या, ढुंगण वर केलं, आणि लटपटत सरळ उभी राहिली. आजपर्यंत कधी राहिली नव्हती. फाटक गदागदा हलवायला गेली, तर तीच हलली.

"अगं बाई, उभी राहिली," आजी कुजबुजली.

मुलगी खाली बसली. हसत होती की रडत होती, सांगता आलं नसतं. "उद्या कामाला जाताना आणून सोडते, बाबा," ती म्हणाली. "दुधाची बाटली तेवढी उकळून ठेवा."

सेटवाल्यांनी धुळीचे हात पँटीला पुसले. नातीच्या डोक्यावरून हात लांब करून कडी काढली, जेमतेम अंग जाईल एवढंच फाटक उघडलं, बाहेरून लावलं, एकदा ओढून बघितलं, आणि नवी बाटली आणायला जिना उतरून रस्त्यावर गेले.