कर्त्याचा रकाना

कॉलेजात बाईंनी प्रत्येकाला आपल्या भागातली पाच लोकगीतं गोळा करून आणायला सांगितली. तक्ता छापूनच दिला होता: गीत, प्रसंग, कर्ता. शेवटच्या रकान्यात सगळ्यांनी 'अज्ञात' लिहायचं, हेही त्यांनी आधीच सांगून टाकलं. मी मनात म्हटलं, बाई, तुमचा अज्ञात बेलवलीला आमच्या घरी राहतो आणि रोज सकाळी दूध आणायला जातो.

बाबा रेल्वेत गँगमन होते. अंबरनाथ ते बदलापूर एवढाच त्यांचा पट्टा. रूळ जागचा सरकला की दहा-बारा जणांनी खाली पहारी घालून तो एका दमात रेटायचा. सगळ्यांचा जोर एकदम लागावा म्हणून एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी 'हैसा' म्हणत पहार दाबायची. ओळी म्हणायचे बाबा आणि रचायचेही तेच.

साहेब आला ट्रॉलीवरी, हैसा
छत्री त्याची डोक्यावरी, हैसा
ऊन लागलं रुळाला, हैसा
चहा पाजा साहेबाला, हैसा

गँगचा एक नियम होता. नवी ओळ थेट रुळावर काढायची नाही. आधी डबा खाताना म्हणायची, सगळ्यांना पोटभर हसू द्यायचं, दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे. हसून हसून ती शिळी झाली की मगच कामाला लावायची. हसणाऱ्या माणसाच्या हातात जोर राहत नाही, म्हणून हा नियम. तो बाबांनीच घातला होता आणि मोडलाही त्यांनीच.

तेव्हा मी दहावीत होते. गँगमधले मोरिवलीचे काका म्हणजे बाबांचे जिवाभावाचे दोस्त. त्यांनी उल्हासनगरहून नवी पँट आणली होती. त्या दिवशी पहार घालायला ते वाकले आणि पँट मागून उसवली. बाबांना राहवलं नाही.

पँट घेतली उल्हासनगरी, हैसा
शिवण राहिली दुकानावरी, हैसा
पुढून दिसे नवरदेव, हैसा
मागून म्हणे झाकून ठेव

शेवटच्या ओळीवर 'हैसा' आलंच नाही. सगळी गँग हसत सुटली, पहारी सैल पडल्या. फक्त काका हसले नाहीत, कारण गाणं त्यांच्यावरच होतं. ते इमानदारीत जोर लावत होते. सगळा भार त्यांच्या एकट्याच्या पहारीवर आला, ती उसळली आणि उजव्या मनगटाचा चुरा झाला. हात राहिला, पण बोटं वळेनात. त्यांना ऑफिसात बसून पाणी द्यायचं काम मिळालं.

बाबांनी त्या दिवसापासून ओळ म्हटली नाही. काकांकडे जाणंही सोडलं. पुढे रूळ सरळ करायचं यंत्र आलं आणि गँगमधलं म्हणणं कायमचंच बंद झालं.

तक्ता घेऊन मी बाबांकडे गेले, तर म्हणाले, "मला नाही आठवत." धडधडीत खोटं. म्हणून मी मोरिवली गाठली. काका खाटेवर बसले होते. त्यांनी डाव्या हाताने खाटेवर ताल धरून एकामागून एक चार गाणी म्हटली. पाचवं म्हणून त्यांनी पँटचं म्हटलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मला मान वर करवेना.

"लिही ना. सगल्यात झ्याक तेच हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुज्या बापसाला सांग, एकदा घरा ये. हात गेला तो गेला. दोस्त कशाला घालवतोय?"

मी खूप आशेने घरी आले. तक्त्यात पाचही ठिकाणी बाबांचं नाव लिहिलं, नीट, शाईच्या पेनाने. जेवणं झाल्यावर तक्ता त्यांच्यापुढे ठेवला आणि काकांचा निरोप जसाच्या तसा सांगितला.

बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. पाचव्या गाण्यावर बोट ठेवलं.

"हे त्याने म्हणून दाखवलं?"

"हो. स्वतःहून."

"हसला?"

मला खोटं बोलता आलं असतं. आज वाटतं, बोलायला हवं होतं. पण मी म्हटलं, "नाही. तुम्हाला बोलावलंय पण."

बाबांनी चष्मा काढून ठेवला. "बाकीची पोरं या रकान्यात काय लिहितात?"

"अज्ञात."

"मग तेच लिही."

मी चिडले, रडले, काका वाट बघताहेत म्हणून ओरडले. बाबा उठून अंथरूण घालायला गेले. मी नवा तक्ता घेतला आणि पाच वेळा अज्ञात लिहिलं. काका पुढच्या वर्षी वारले, तोवर बाबा मोरिवलीला गेले नाहीत.