श्यामलाबाईंनी परत केलेलं वाण

श्यामला दामले म्हणे टूथपेस्टच्या कंपनीकडून कमिशन खाते! संक्रांतीनंतर कोलकात्याच्या मराठी मंडळात ही कुजबूज अशी काही चवीने फिरली की तिळगूळ फिका पडला.

श्यामलाबाई जन्माने इथल्याच. मुलींच्या शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. एस्प्लनेडच्या फुटपाथवर फिनेल घेतानाही बाटली फिरवून, भिंग लावून मागचं सगळं वाचणार. फेरीवाले म्हणतात, "दिदिमणी आल्या, आज परीक्षा!"

हळदीकुंकू होतं वैशालीकडे. नवरा बँकेतला, तीन वर्षांपूर्वी बदलीवर आलेला. तिने वाण म्हणून हावड्याच्या कुठल्याशा घरगुती कारखान्यातलं दंतमंजन वाटलं. श्यामलाबाईंनी डबी उघडली, हुंगली आणि सरळ तबकात परत ठेवली. संक्रांतीचं वाण परत! बायकांची तोंडं उघडीच राहिली.

"मावशी, अहो काय हे! केमिकल-फ्री आहे."

"पाणीसुद्धा केमिकलच, वैशाली. तेही सोडलंस का? यात काय काय घातलंय ते डबीवर कुठाय?"

"केमिकलच नाही, तर छापणार काय?"

"मला मशेरीचा वास येतोय. आमची साताऱ्याची आत्या लावायची."

"इश्श! मशेरी खेड्यातल्या बायका लावतात. पॅकिंग तरी बघा."

बाईंचा जीव अडकला होता सुनेत. ऋताला सहावा महिना, आणि वैशालीने आधीच दिलेलं हेच मंजन ती महिनाभर लावत होती. आधी सकाळी, मग दुपारीही, मग झोपतानाही. नाही लावलं की डोकं धरून बसायची.

"आई, मंडळात मी तोंड कसं दाखवू?"

"नको दाखवूस. पोटातल्याला विचारलंस, त्याला चालतंय का ते?"

मंडळाचा निरोप आला: माफी मागा, नाहीतर पुढच्या हळदीकुंकवाला येऊ नका. बाईंनी उलट निरोप धाडला, "येणारच. आमंत्रण नसलं तरी येणार." आणि ऋताची डबी पिशवीत घालून स्वतः प्रयोगशाळेत गेल्या. अहवाल हाती आला तसा त्यांनी तो मंडळाच्या फळ्यावर लावला, नाटकाच्या जाहिरातीवरच. सेक्रेटरी जयंतराव काढायला धावले, तर बाई फळ्यापुढे खुर्ची टाकून बसल्या.

"आधी वाचा. मग काढा."

ऋताने वाचलं. त्या दिवसापासून मंजन बंद केलं आणि चार दिवस डोकेदुखी सोसली.

कमिशन कुणी दिलं नव्हतं. मंजनात तंबाखू होती.