हायकोर्टाच्या निकालावर अपील

आत्या शहरातली बस चालवायची आणि भावाचं घरही तसंच चालवायची. मागून कुणी कुरकुर केलेली तिला दोन्हीकडे खपत नसे. घरात तिचं नाव होतं हायकोर्ट. नवीन थाई रेस्टॉरंट उघडलं की पहिला मान तिचा. बाकी मेन्यूकडे ती ढुंकूनही पाहायची नाही. मागवायची फक्त पॅड थाई, ती चिंच घातलेली आंबटगोड नूडल. नूडल काट्यावर उचलायची. सुटी आली तर पास, गठ्ठा आला तर नापास. नापास झालं की घरातलं कुणी त्या रस्त्यानंसुद्धा जायचं नाही. भाऊ, वहिनी, भाची, कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता. ते होला हो ऐकून आत्याचे कान किटले होते. पण तक्रार करणार कुणाकडे? केली असती तर तीही सगळ्यांना लगेच पटली असती.

त्या शनिवारी मात्र हायकोर्टानं तीनदा कपडे बदलले आणि भाचीची हसून हसून पुरेवाट झाली. आत्याचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. चष्म्याच्या दुकानाचे मालक, तेही एकटेच, परवा तिच्या नाकावर नवी फ्रेम बसवता बसवता लग्नाचं विचारून बसले होते. "कोपऱ्यावर नवीन थाई झालंय, तिथं जेवू. उत्तर जेवणानंतर," एवढंच ती म्हणाली होती. माणूस तिला आवडला होता, अगदी मनापासून. पण हाही जन्मभर मानच डोलवत बसला तर?

प्लेट आली. वर शेंगदाण्याचा कूट, कडेला लिंबाची फोड, वाफ अशी की चष्मा धुरकटला. आत्यानं काटा उचलला. नूडल झरझर सुटी झाली.

"पास!" ती म्हणाली आणि श्वास रोखून समोर पाहू लागली.

चष्मेवाल्यांनी घास चावला. पाणी प्यायले. कपाळावर घाम आला.

"नापास," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"नूडल सुटी आहे, मान्य. पण चिंच नुसती नावाला, सगळी साखरच. तुम्ही नूडल बघता हो, खाता कुठे?"

आत्यानं चष्मा पुसून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तिला असा काही जोर चढला की विचारू नका. "अहो, आणा अजून एक प्लेट!" तिनं वेटरला हाक मारली. दुसरी प्लेट दोघांनी घासाघासाला भांडत खाल्ली. शेजारच्या टेबलावरचे लोक आपलं जेवण विसरले. आंबट की गोड, काही केल्या ठरेना.

"तुमच्या वहिनींनी बजावलं होतं," शेवटी चष्मेवाले पडेल आवाजात म्हणाले, "वन्सं म्हणतील त्याला हो म्हणा, की जमलंच. मला तेवढंही जमलं नाही."

तेवढ्यात भाचीचा फोन आला. "आत्या, पास की नापास?"

आत्यानं समोर पाहिलं. ते मान खाली घालून, नापास केलेल्या प्लेटमधलं शेवटची नूडल गोळा करत होते.

"रेस्टॉरंटचा निकाल लागत नाहीये गं," आत्या म्हणाली. "पुन्हा यावं लागणार. माणूस पास."