काशीदला लावलेली पोपटी

बँकॉकमध्ये शनिवार-रविवार हा आम्हा मराठी कुटुंबांचा सामुदायिक विधी होता. चार घरं, चार गाड्या, समुद्राकडे जाणारा गुळगुळीत रस्ता, आणि हुआ हिनला पोचल्यावर वाळूतल्या चटईवर उघडलेले घरोघरचे डबे. कोणी काय करून आणायचं ते वहिनी ठरवत. त्या आमच्यापैकी कोणाच्याच सख्ख्या वहिनी नव्हत्या. नवऱ्याच्या हुद्द्याच्या आणि तिथल्या जुन्या वास्तव्याच्या जोरावर ते नातं त्यांनी सगळ्यांवर लादलं होतं. एकीला मसालेभात, एकीला कोथिंबीरवडी, स्वतःकडे पुरणपोळ्या. मला फोनवर सांगत, "तू काही करत बसू नकोस गं, लेक लहान आहे तुझी. कागदी थाळ्या आण आणि बर्फ." लेक चालू लागली, शाळेत जाऊ लागली, पोहायला शिकली. माझ्या वाट्याचा बर्फ काही वितळला नाही.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं. त्यातून काही उमगत नाही. वहिनींना अंदाज होता, खात्री नव्हती, आणि परदेशात सरळ विचारणं शोभत नाही. त्यांच्या दिवाणखान्यात बुद्धाचं एक दगडी शिर होतं, धडावेगळं, खालून पिवळा दिवा सोडलेलं. पाहुण्यांना त्या सांगत, या चेहऱ्याकडे पाहिलं की किती शांत वाटतं. माझा नवरा त्या शिराशेजारच्या खुर्चीवर बसून चहा प्यायचा आणि घरी परतताना म्हणायचा, "जाऊ दे ना." मला त्या वाक्याचा वीट आला होता.

एका हिवाळ्यात आम्ही सगळे एकाच वेळी सुट्टीवर आलो होतो. वहिनींनी काशीदला बंगला घेतला, दोन रात्रींसाठी. काशीद ते म्हसळा अंतर ते काय. म्हसळ्याला माझी आई एकटी राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. तिने फोनवरच निकाल दिला. "तुम्ही काशीदपर्यंत येणार आणि मी घरात बसू? शनिवारी येते. तुझ्या मंडळींना पोपटी खाऊ घालते."

"आई, नको," मी म्हणाले.

"का? खात नाहीत?"

 माझ्या आईने आयुष्यभर ज्या घरांत पाऊल टाकताना दारातलं हवामान आधी ओळखलं होतं, तसलंच एक घर मी समुद्रापार जाऊन शोधलं होतं, आणि आता तिची नात तिथे उभी राहून सगळं पाहणार होती. आईचा अपमान लेकीच्या डोळ्यांदेखत होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

आई दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरली आणि तिथून रिक्षाने आली. मांडीवर मडकं, पायाशी वालाच्या शेंगांची पिशवी, काखेत भांबुर्ड्याच्या पाल्याची जुडी. तो उग्र, हिरवा, औषधी वास बंगल्याच्या काचेच्या दारातून आत घुसला आणि वहिनींच्या अत्तराला मागे सारून मोकळा झाला. सगळे बाहेर आले. मुलं तर आईला चिकटलीच. आईने मडक्याच्या तळाशी पाला अंथरला, शेंगांना मीठ आणि ओवा चोळला, मधूनमधून बटाटे आणि अंडी दडवली. "कोंबडी घातली नाही हो," ती वहिनींना म्हणाली, "कोणी खात नसेल तर त्याची पंचाईत नको." मग तोंडाशी पाला ठासून मडकं जमिनीवर पालथं घातलं, वर पेंढा आणि काटक्या रचल्या आणि जाळ लावला.

"किती ऑथेंटिक," वहिनी म्हणाल्या. त्यांनी फोटो काढले. मग आईच्या बाजूला खुर्ची ओढून बसल्या, आणि जे त्यांना इतकी वर्षं तिकडे विचारता आलं नव्हतं ते इथल्या मातीवर सहज जिभेवर आलं. "काकू, तुम्ही म्हसळ्याच्या म्हणजे कोणापैकी?"

आई काटकीने निखारे आत लोटत होती. "आम्ही बौद्ध," ती म्हणाली. "सासऱ्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली."

"अरे वा." वहिनींचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातली ऊब गेली. "छान. आमच्याकडे तिकडे सगळेच बौद्ध."

"तिकडचे जन्माने असतील," आई म्हणाली. "आम्ही विचार करून झालो."

वहिनी फोन आल्यासारख्या उठल्या. फोन आला नव्हता.

आईने मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले, ते चुरचुरले. पोपटी झाली होती. केळीच्या पानांवर मडकं रितं केलं तेव्हा वाफेचा लोट उठला, खारट, धुरकट, ओव्याने तिखटलेला. पोपटी एकाच राशीतून खायची असते, सगळ्यांचे हात एकत्र. मुलांना ते सांगावं लागलं नाही. ती उकिडवी बसून शेंगा सोलू लागली.

"चला रे, आत या," वहिनी दारातून म्हणाल्या. "नूडल्स झाल्यात." मुलं हलेनात. तेव्हा त्या बाहेर आल्या, स्वतःच्या मुलीची मूठ उघडली, त्यातली शेंग काढून गवतात टाकली आणि ओल्या टिश्यूने तिचा तळवा पुसला. बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा पुसला. माझी लेक ते सगळं पाहत होती. दुसऱ्या दोघी आयाही आपापल्या मुलांचे दंड धरून उभ्या राहिल्या.

"तुम्ही तरी घ्या," आई म्हणाली.

"माझा शनिवार आहे ना काकू."

त्याच दिवशी दुपारी मुरूडच्या वाटेवरच्या खाणावळीत त्यांनी सुरमईचा एक तुकडा संपवून दुसरा मागवला होता. मी तसं म्हणाले. सगळ्यांसमोर, आवाज न चढवता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, तू आधी सांगायचंस."

"काय सांगायचं?"

त्यांनी ओला टिश्यू मुठीत चुरगळला. "हेच," त्या म्हणाल्या, "की आई येणार आहेत म्हणून."

"ते सांगितलं होतं."

"जाऊ दे ना," माझा नवरा पुटपुटला.

"नाही जाऊ देत," मी म्हणाले. "वहिनी, बसायचं तर हात धुऊन बसा, नाहीतर आत जा. माझी आई जेवत असताना समोर उभ्या राहू नका."

त्या आत गेल्या. मागोमाग सगळे गेले, आणि काचेचं दार रुळावरून सरकत बंद झालं. आत त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

माझी लेक अजून उभीच होती. "आजी, माझी मैत्रीण का गेली?"

आईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शाळेत अवघड प्रश्न आला की ती असंच थांबायची. "तिच्या आईला आपल्या हातचं चालत नाही," ती म्हणाली. "काही माणसं असतात तशी. आता बस. गार झाल्या की शेंगा नीट सोलल्या जात नाहीत."

लेक बसली. माझा नवराही बसला, अंड्याचं कवच फोडत, मान खाली घालून. रास मोठी होती. चौघांना संपणारी नव्हती. आई खात होती आणि मधूनच काचेकडे पाहत होती, राग न धरता, नीट न्याहाळून.

"यांच्याशी तू तिकडे काय बोलतेस गं?" तिने विचारलं.

मी आठवून पाहिलं. इतकी वर्षं, इतके समुद्रकिनारे. एकही वाक्य सापडेना.

उजेड असतानाच आम्ही सामान गाडीत टाकलं आणि आईला घेऊन म्हसळ्याला निघालो. नवऱ्याने आत जाऊन सगळ्यांचा निरोप घेतला. मी घेतला नाही.