हौदातल्या बाटल्या

ती घटना आजही माझ्या डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, भावकीत कुऱ्हाडी चाललेल्या पाहिल्या. त्यांतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे मात्र जसंच्या तसं समोर उभं राहतं, आणि यात कोणी कोणाला मारायला निघालंच नव्हतं.

नव्वदचं दशक निम्म्यावर आलं होतं. मी इंदापूर भागात ठाण्याचा प्रभारी होतो. तालुक्याच्या गावात केबल आली होती आणि तिच्यावरच्या जाहिराती बघून लोकांच्या आवडीनिवडी बदलत होत्या. पोरी बघायच्या कार्यक्रमात चहा-पोहे देणं जुनाट वाटू लागलं होतं. पाहुण्याच्या हातात थंडा दिला म्हणजे घर पुढारलेलं. मग या नव्या आवडींच्या आशेवर गावोगावी तरुण पोरं धंद्यात उतरली. कोणी वेफर्स काढले, कोणी धुण्याची पावडर, कोणी कुल्फी. निम्मे धंदे पुढचा उन्हाळा बघत नसत. अशी माणसं ठाण्यात आली की एकतर फिर्यादी असत नाहीतर आरोपी, आणि दोन्ही वेळा चेहरा सारखाच पडलेला.

त्यांतलाच एक बारामतीकडचा, माळेगाव रस्त्याला पत्र्याची शेड टाकून आंब्याचं पेय भरणारा. त्याला सगळे 'कंपनीवाला' म्हणत. थट्टेनेच म्हणत. घरचा धंदा मेंढरांचा. बापाने शेवटचा कळप विकला आणि पोराला मशीन घेऊन दिलं. पोराने पुण्यात एका सरबताच्या कारखान्यात काम करून हुन्नर शिकून घेतलं होतं. बड्या कंपनीच्या बाटलीवर नाव छापलेलं असतं. ते याच्या आवाक्यातलं नव्हतं. हा जुन्या बाटल्या आणून धुवायचा आणि त्यांवर कागदाची लेबलं डकवायचा. बायको आणि आई पिठाच्या खळीने लेबलं चिकटवत बसत. माल मात्र चांगला होता. लोणी भापकरपासून इंदापूरपर्यंत पानटपऱ्यांवर तो दिसायचा आणि खपायचाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी ठाणे अंमलदाराने सरकारी दवाखान्याची वर्दी पुढे ठेवली. डाळिंबाची बाग असलेल्या एका मळ्यात मुलगी बघायचा कार्यक्रम होता. नवरदेवाच्या मामाने थंडा घेतला आणि थोड्याच वेळात त्याच्या तोंडाला फेस आला. जीपमध्ये घालून नेता नेता वाटेतच तो गेला. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद घेतली आणि मळ्यावर पोहोचलो.

मुलीचा बाप पन्नाशीचा, शिकलेला, शब्दाला किंमत असलेला माणूस. त्याला गावात तात्या म्हणत. त्याने न अडखळता जबाब दिला. कंपनीवाल्याचा क्रेट आणला, आल्या आल्या बाटल्या हौदात सोडल्या, गार झाल्यावर बायकांनी आत उघडल्या आणि मुलीने पाहुण्यांना नेऊन दिल्या. मामा मागाहून मोटारसायकलवर आला, त्यालाही त्यातलीच दिली. मी हौद पाहिला. पाण्यावर लेबलं तरंगत होती. पंचांसमक्ष रिकाम्या बाटल्या जप्त केल्या, मामाच्या हातातली वेगळी सीलबंद केली. मुलगी माजघराच्या दारात उभी होती. तिला काही विचारावं तर आई पुढे होऊन उत्तर द्यायची. बिचारी घाबरली आहे असं समजून मी तिला सोडून दिलं.

त्याच दिवशी खबर आली. फोनवरच्या माणसाने नाव सांगितलं नाही, पण आवाज आमच्या लोकांच्या ओळखीचा होता. बड्या कंपनीच्या मालाचा इंदापूरचा एजंट. कंपनीवाला विहिरीचं पाणी भरतो, कापडाचा रंग घालतो, परवाना नाही, असं सगळं त्याने एका दमात सांगितलं. एवढ्या तत्परतेने कोणी पोलिसाला मदत करू लागला की मी आधी त्याच्याकडेच बघतो. एजंटाला बोलावून दिवसभर बाकावर बसवलं. तो घामाघूम झाला, खबर आपण दिल्याचं कबूल केलं, पण मळ्याकडे फिरकल्याचा पुरावा काही मिळेना. संधी दिसली म्हणून त्याने हात धुऊन घेतले होते, एवढंच.

शेडवर छापा घातला. परवाना होता. पाण्याची टाकी झाकलेली, रंग खाण्याचाच. पण पुण्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा माझे हात बांधले गेले. मामाच्या व्हिसेऱ्यात आणि त्या बाटलीत एकच विष, बागेवर फवारतात ते कीटकनाशक. बाटली कंपनीवाल्याची. कोणीतरी विषाची बाटली त्याला परत दिली असेल आणि ती धड न धुता त्याने भरली असेल, असा सरळ तर्क निघत होता. वरिष्ठांचा दट्ट्या होता, वर्तमानपत्रं पेटली होती. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा लावून मी त्याला अटक केली आणि कोठडी मिळवली.

तपासात माणूस दोन प्रकारे बोलतो. दोषी माणूस आपल्याबद्दल बोलतो, निर्दोष माणूस आपल्या कामाबद्दल. हा सारखा बाटल्या धुण्याबद्दलच सांगत होता. सोडा किती टाकतो, ब्रश कसा फिरवतो, उजेडासमोर बाटली धरून कशी बघतो. आमचे हवालदार कंटाळले. कंपनी बंद पडली तर पडू दे, पण मी गलिच्छ माल भरला असं लिहू नका, एवढीच त्याची विनवणी होती. त्याचा बाप रोज ठाण्याच्या बाहेर लिंबाखाली येऊन बसायचा. घोंगडी खांद्यावर. मला त्याच्यासमोरून जायला नको वाटायचं.

एकदा मुद्देमालाच्या खोलीत मी त्या सगळ्या बाटल्या टेबलावर ओळीने मांडायला लावल्या. नुसतं बघत बसलो. बाकीच्या साऱ्या बाटल्या उघड्या, लेबल नसलेल्या. मामाच्या बाटलीवर मात्र लेबल होतं, कडा जराही न उचललेलं. कंपनीवाल्याला बोलावून कारण विचारलं, तर त्याने मान खाली घातली. गुन्हा कबूल करावा तसा तो म्हणाला, "साहेब, ती आमच्या मालाची खोड हाय. खळ सस्ती पडती. बाटली पाण्यात घातली की लेबल सुटतंय. दुकानदार हसत्यात. तेवढं तुमी लिहू नगा."

ज्या उणिवेची त्याला लाज वाटत होती, तीच त्याला सोडवायला निघाली होती. क्रेटातली प्रत्येक बाटली हौदात बुडाली होती आणि उघडी पडली होती. मामाच्या हातातली बाटली पाण्यात गेलीच नव्हती. ती क्रेटातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी एका जमादाराला घेऊन मळ्यावर गेलो. घरात न जाता फवारणीचं सामान ठेवायच्या शेडमध्ये जाऊन बसलो. आत अंधार, पंप, खताची पोती, आणि कोपऱ्यात रिकाम्या बाटल्या. फवारणीचं उरलेलं औषध मोठ्या डब्यात ठेवलं की सांडतं, म्हणून लोक ते थंड्याच्या, दारूच्या, मिळेल त्या बाटलीत ओतून ठेवत. हे काही तात्याच्याच मळ्यात नव्हतं, सगळ्या पट्ट्यात तसंच चालायचं. तात्या आला. औषध कशात ठेवता असं विचारलं. तो म्हणाला, डबे लगेच पुरून टाकतो. मी म्हटलं, बरं, मग मुलीला जरा बोलवा, तिच्याकडून त्या दिवशीचं ऐकतो.

तात्या उभ्याचा खाली बसला. "तिला बोलवू नगा साहेब," तो म्हणाला. "तिचं काय बी न्हाय. मामा मागनं आला. हौदात बाटली उरली न्हवती. मीच म्हनलो, क्रेट आधी शेडात ठिवला हुता, तितं एखादी ऱ्हायली असंल, बघ. तिनं आणली. झाकण नुसतं दाबून लावल्यालं. त्यात मीच उरल्यालं औषध ओतून ठिवलं हुतं, ते ध्यानातच ऱ्हायलं न्हाय."

मग मामाने प्यायली कशी, वास आला नाही का, असं मी विचारलं. तात्याने डोळे मिटले. मामाने पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं, ते त्याने पाहिलं होतं. पण समोर मुलगी पदर सावरून उभी. मुलगी बघायला आलेला पाहुणा तिच्या हातचं थुंकत नाही. ते थुंकणं म्हणजे भर बैठकीत मुलगी नाकारणं. शिवाय गावठी कंपनीचा माल असाच असणार, असं मामाला वाटलं असावं. त्याने दुसरा मोठा घोट घेऊन बाटली खाली ठेवली आणि हसून म्हणाला, जरा कडू हाय, पण गोड मानून घिऊ.

एक भला माणूस मुलीचा अपमान होऊ नये म्हणून विष प्यायला.

मी तात्यावर भडकलो. एक निरपराध पोरगा तुमच्यापायी कोठडीत सडतोय, त्याचा बाप झाडाखाली बसून असतो, तुम्हाला रात्री झोप कशी लागते, असं बरंच बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "म्या इचार केला साहेब. कंपनी काय, त्यो दुसरी काढंल. माझ्या पोरीच्या हातानं माणूस मेला असं झालं, तर तिला दुसरा जन्म कुठनं आणू?"

कायदा सांगत होता, त्याप्रमाणे मी वागलो. मुलीचा जबाब तिच्या आईसमोर घेतला. तिला सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवशी बोलायला निघाली तर बापाने तिच्या पायावर डोकं ठेवलं होतं, असं ती म्हणाली. तात्याला अटक झाली. आरोपीविरुद्ध पुरावा नाही, असा कलम १६९ प्रमाणे अहवाल देऊन कंपनीवाल्याला सोडवलं. मुलीचं पुढे फार लांब, एका बिजवराशी लग्न लावून दिल्याचं कानावर आलं.

वर्तमानपत्रांनी अटकेची बातमी पहिल्या पानावर छापली होती. सुटकेची आतल्या पानात, पाऊसपाण्याच्या शेजारी चार ओळींत आली. दुकानदारांनी कंपनीवाल्याचे क्रेट न उघडता परत पाठवले. एजंटाने तोवर प्रत्येक टपरीवर बर्फाची पेटी फुकट ठेवून दिली होती. तिच्यात फक्त आपलाच माल ठेवायचा, ही अट.

कंपनीवाला मला भेटायला आला. आठवडे बाजारात टेबल मांडून फुकट माल वाटतो, तुमी वर्दीत येऊन एक बाटली घ्या, म्हणाला. नियमात बसत नव्हतं. मी गेलो. त्याने सगळ्यांदेखत बाटली फोडून एका दमात संपवली. मग मी घेतली. गार, गोड, आंब्याचं चांगलं पेय होतं ते. सभोवार माणसांचं कडं जमलं होतं आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. त्याने एकेकापुढे बाटली धरली. एक म्हातारे आबा मागे सरकत म्हणाले, "आमचा इस्वास हाय रं बाबा, पण नगं." बाकीच्यांनी तेवढंही म्हटलं नाही.

टेबलामागे त्याची बायको उभी होती. लेबलं हिच्याच हातांनी चिकटवलेली, बाटल्या हिनेच उजेडासमोर धरून तपासलेल्या. तिच्या कडेवर लहान मुलगी होती. मुलीने बाटलीकडे हात केला. नवऱ्याने हसून बाटली फोडली आणि पुढे केली. बायकोने ती घेतली, क्षणभर हातात धरली, आणि मुलीच्या तोंडाला न लावता हळूच टेबलावर ठेवली. मुलगी रडायला लागली, तशी ती तिला घेऊन बाजूला गेली.

त्याने ते पाहिलं. मीही पाहिलं. मग तो टेबलावरच्या बाटल्या एकेक करून क्रेटात भरू लागला. मी टोपी काढून त्याला हातभार लावला. शेड त्याच महिन्यात बंद झाली.

संशय पेरायला एक दुपार पुरते, हे मला या प्रकरणाने शिकवलं. तो काढायचं काम मात्र पोलिसाच्या हातात नाही, न्यायालयाच्याही नाही. मी माझा तपास बरोबर केला होता. त्याचा उपयोग एवढाच झाला, की तो माणूस तुरुंगात न जाता घरी गेला.